नाडी मोजायचं घड्याळ

ताई एका डायलसाठी तांब्याच्या पत्र्यावर आकडे कोरत होत्या, आणि अशा वेळी त्या मान वर करत नाहीत हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. नव्यानंच आलेल्या गृहस्थांना ते ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. ते काउंटरपाशी उभे राहून एकदा खाकरले, थोड्या वेळानं पुन्हा खाकरले. शेवटी पुढच्या टेबलावरून ताईंचा धाकटा भाऊ म्हणाला, "बसा साहेब. हातातलं पुरं झाल्याशिवाय ती कुणाची नाही. मीसुद्धा चहाचं विचारायला घाबरतो."

गृहस्थ बसले. दुकान म्हणजे चष्मेवाला आणि चाव्या करणारा यांच्या मध्ये कुणीतरी चेपून बसवलेली एक लांबट खोली होती. पुढच्या टेबलावर धाकटा, मागे खिडकीपाशी ताई. वडिलांनी मरायच्या आधी वाटणी करून दिली होती ती एवढीच: घड्याळाचं मशीन बिघडलं तर धाकट्याकडे, चेहरा बिघडला तर ताईंकडे. धाकटा आता छप्पन्न वर्षांचा होता, पण अजून धाकटाच. ताई बासष्टच्या, आणि त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला चष्मेवालाही त्यांना ताईच म्हणायचा. मनगटी घड्याळांच्या जुन्या, काळवंडलेल्या, पापुद्रे सुटलेल्या डायल पुन्हा होत्या तशा करणं हे त्यांचं काम. ते काम करणारं दुसरं कुणी आसपास उरलं नव्हतं.

रेघ पुरी झाली. ताईंनी डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं आणि म्हणाल्या, "बोला."

गृहस्थांनी आधी खिशातला रुमाल काढून काउंटर पुसला. मग मऊ कातड्याच्या पिशवीतून एक घड्याळ काढून त्या पुसलेल्या जागेवर ठेवलं. धाकट्यानं ताईंकडे बघून भुवई उडवली. काउंटर त्यानं सकाळीच पुसला होता.

"मी दातांचा डॉक्टर," गृहस्थ म्हणाले. "होतो. आता फक्त घड्याळं."

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि एकदा सुरू झाल्यावर त्यांना थांबवणं कठीण होतं. तीस वर्षांत त्यांनी तेवीस घड्याळं जमवली होती. गाडी बदलली नाही, घराला गच्ची काढायची होती ती काढली नाही, पण घड्याळं जमवली. त्यातलं हे शेवटचं. डोंगरातल्या एका छोट्या कारखान्यानं खास डॉक्टरांसाठी काढलेलं. डायलच्या कडेनं नाडी मोजायची पट्टी होती: बटण दाबून काटा सोडायचा, नाडीचे तीस ठोके मोजायचे, पुन्हा बटण दाबायचं, काटा ज्या आकड्यावर थांबेल तेवढे मिनिटाला ठोके. असली चारशेच्या आसपास निघाली आणि कारखाना बंद पडला. वरचं रोगण कच्चं होतं, त्यामुळे बहुतेकांच्या डायल सडून गेल्या. चांगली डायल असलेली जगात नऊ की दहा.

"माझे मामा डॉक्टर होते. लहानपणी मला ताप यायचा तेव्हा ते माझं मनगट धरून बसायचे, आणि माझ्या डोळ्यांसमोर हे असायचं. त्यांचं पुढं कुठं गेलं कुणाला माहीत. हे शोधायला मला अकरा वर्षं लागली."

आता काम काय होतं तर संग्राहकांचं एक मंडळ एक मोठं पुस्तक काढत होतं. त्यात या घड्याळाला पूर्ण दोन पानं मिळणार होती. फक्त संपादकाची एक अट होती. डायल मूळचीच आहे, तिला कुणाचा हात लागलेला नाही, असं एखाद्या जाणकार कारागिराकडून लिहून आणा. डॉक्टरांना सगळ्यांनी एकच पत्ता दिला.

ताईंनी घड्याळ उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि भिंग डोळ्यावर घेतलं.

पहिल्यांदा त्यांना आनंद झाला. इतकी सुंदर डायल त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. सायीसारखा दुधी रंग, दोन छोटी वर्तुळं, केसाएवढ्या रेघा, आकड्यांना किंचित उतार. कुणीतरी जीव ओतून केलेलं काम होतं. त्या नाडीच्या पट्टीवरून सावकाश नजर फिरवत गेल्या. नव्वद, ऐंशी, सत्तर. सत्तरच्या पुढची दुसरी रेघ बाकीच्यांहून जाड होती आणि तिची शेपटी डावीकडे वळली होती.

ताईंनी भिंग काढून पुसलं आणि पुन्हा लावलं.

"काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"आज उजेड बरोबर नाही," ताई म्हणाल्या. "परवा सकाळी आणा. सकाळच्या उन्हात बघते."

डॉक्टरांनी घड्याळ पिशवीत ठेवलं, पिशवी खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं आणि नमस्कार करून गेले.

*

ती जाड रेघ ताईंची होती. अठ्ठावीस वर्षांपूर्वीची.

तेव्हा वडिलांचे हात कापायला लागले होते. कोरीव काम पहिल्यांदाच पूर्णपणे ताईंकडे आलं होतं. डायलवर जे उमटवायचं ते आधी तांब्याच्या पातळ पत्र्यावर कोरायचं, त्या खाचांत शाई भरायची, मग मऊ रबरी गोळा पत्र्यावर दाबून ती शाई उचलायची आणि डायलवर टेकवायची. पत्र्यावर जे असेल तेच डायलवर येणार. ताईंनी नऊ दिवस तो पत्रा कोरला आणि नवव्या दिवशी, सत्तरच्या पुढं, हत्यार निसटलं. त्या रडल्या होत्या. तांब्याचा तेवढाच तुकडा घरात होता. वडील म्हणाले होते, "असू दे. बघायला कोण बसलंय."

काम आणणारा एक व्यापारी होता. तो प्रत्येक वस्तू मखमलीच्या फडक्यात गुंडाळून आणायचा, म्हणून दोघं बहीणभाऊ त्याला आपसात मखमल म्हणायचे. मखमल म्हणाला होता, की घड्याळाचा मालक म्हातारा आहे, ओल लागून डायल काळी पडली आहे, लग्नात जशी होती तशी त्याला डोळे मिटायच्या आधी एकदा बघायची आहे. ताईंना ते फार आवडलं होतं. वडिलांची एक रीत होती: डायल नव्यानं केली की तिच्या पाठीवर, जिथं उघडल्याशिवाय दिसत नाही तिथं, टोकदार सुईनं एक छोटा त्रिकोण आणि वर्ष कोरायचं. मखमल म्हणाला, "या एकाच्या पाठीवर नको. म्हाताऱ्याला वाईट वाटेल." ताईंनी कोरलं नाही.

मखमल वारला त्याला आता पंधरा वर्षं झाली होती.

दुपारी डबा खाताना ताईंनी धाकट्याला सगळं सांगितलं. त्यानं घास हातात तसाच धरला.

"मग?"

"मग काय? सांगणार."

"कशाला?" तो म्हणाला. "लिहून दे की कारागिरी उत्तम आहे, इतकी चांगली डायल पाहण्यात नाही. ते खोटं आहे का?"

"खोटं नाही."

"झालं तर."

"त्यांनी ते विचारलेलं नाही."

"ताई, त्या माणसानं काउंटर पुसून घड्याळ ठेवलं. तू त्याच्या जिवाला चटका लावणार. बरं, मशीन खरं आहे, डबी खरी आहे, काटे खरे आहेत. डायलचा पत्रासुद्धा कारखान्याचाच, नुसता वरचा रंग आपला. आणि आपल्या नावाचं काय? उद्या बाजारात होईल की हे लोक बनावट डायल करतात."

"केली होतीच ना."

"तुला सांगितलं होतं की म्हातारा आहे म्हणून."

 डबा तसाच झाकून त्या उठल्या आणि खिडकीखालचा खण उघडला. जुने पत्रे त्या वर्तमानपत्रात गुंडाळून, वर पेन्सिलीनं खूण करून ठेवत. एकही कधी टाकला नव्हता.

*

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले ते बायकोला घेऊन. बायकोला शेजारी चष्म्याचा नंबर काढून घ्यायचा होता. त्या गोल चेहऱ्याच्या, बोलक्या बाई होत्या. ताईंनी स्टूल पुढं केलं तेव्हा म्हणाल्या, "यांच्या घड्याळांचं ऐकलंच असेल तुम्ही. घरात तेवीस सवती आहेत माझ्या. आणि प्रत्येकीला रोज सकाळी चावी द्यायची. मला कधी 'चहा घेतलास का' विचारत नाहीत."

ताईंना हसू आलं नाही. त्यांनी डॉक्टरांना समोर बसवलं आणि एका दमात सांगून टाकलं. ही डायल मूळची नाही. ती मी केली आहे. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, याच टेबलावर.

डॉक्टर समजूतदारपणे हसले, दात काढायला घाबरलेल्या पेशंटकडे बघून हसत असतील तसे. "तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. तुम्ही केली असेल अशी दुसरी एखादी. मी हे तीन तज्ज्ञांना दाखवून घेतलंय."

 ताईंनी वर्तमानपत्राचं पुडकं सोडलं आणि तांब्याचा पत्रा काढला. त्यात शाई भरली, वरची पुसून घेतली, रबरी गोळा दाबला, उचलला आणि जाड पांढऱ्या कागदावर टेकवला. कागदावर ती डायल उमटली, काळीभोर, शाई अजून ओली. मग त्यांनी आपलं भिंग डॉक्टरांच्या हातात दिलं. "सत्तरच्या पुढची दुसरी रेघ बघा. आधी कागदावर, मग घड्याळावर."

डॉक्टरांनी पाहिलं. कागद, घड्याळ, परत कागद. त्यांचा हात अजिबात हलत नव्हता, हे ताईंच्या लक्षात आलं. पुढच्या टेबलावर धाकट्यानं स्क्रू खाली ठेवला.

"हा पत्रा कारखान्याचा असेल," डॉक्टर शेवटी म्हणाले. "तुमच्याकडे कुणीतरी आणून दिला असेल."

"कारखान्यात ही रेघ कुणी चालवून घेतली नसती. दुसरा पत्रा करायला लावला असता. आमच्याकडे दुसरा नव्हता."

डॉक्टरांच्या बायकोनं वाकून कागद बघितला. "म्हणजे अकरा वर्षं तुम्ही यांच्या हातचं काम शोधत होता आणि या इथं, दोन बस थांब्यांवर."

"तू जरा थांब."

"मी काय वाईट बोलले? इतकं सुबक आहे ते. तुम्ही नाही का चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात दात बसवलेत? कुणाच्या बापाला ओळखू येणार नाहीत, असं स्वतःच सांगत होता."

"पेशंटला माहीत असायचं," डॉक्टर म्हणाले.

ते आवाज न चढवता म्हणाले. ताईंना कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. 

डॉक्टरांनी घड्याळ उचललं. आज त्यांनी ते पिशवीत ठेवलं नाही, नुसतंच कोटाच्या खिशात टाकलं. "लिहून द्यायची गरज नाही," एवढं म्हणून ते बाहेर पडले. बायकोही त्यांच्या मागं गेली. चष्मेवाल्याकडे त्या दिवशी कुणी गेलंच नाही.

*

पेशंटला माहीत असायचं. ताई डायल घासताना, शाई कालवताना, बसच्या रांगेत उभ्या असताना ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकत राहिल्या. त्यांना डॉक्टरांचा राग आला असता तर सोपं झालं असतं.

एका दुपारी त्यांनी खणातली सगळी पुडकी टेबलावर मांडली. मखमलसाठी केलेले पत्रे सात निघाले. सातही डायलच्या पाठीवर त्रिकोण नव्हता. इतकी वर्षं त्या स्वतःला सांगत आल्या होत्या, की मला काय माहीत, मी सांगितलेलं काम केलं. पण चौथा पत्रा हातात घेतल्यावर त्यांना एक गोष्ट आठवली, जी त्या विसरल्या नव्हत्या, फक्त तिची आठवण काढत नव्हत्या. चौथं घड्याळ देताना मखमल म्हणाला होता, "अगदी कोरी नको दिसायला. जरा पिवळट ठेवा. जुनी वाटली पाहिजे." लग्नातल्यासारखं घड्याळ बघायचं असलेल्या म्हाताऱ्याला पिवळट डायल कशाला हवी असेल? ताईंना त्याच दिवशी कळलं होतं. कळल्यानंतर त्यांनी आणखी तीन केल्या होत्या. वडील अंथरुणाला खिळलेले होते, काम दुसरं नव्हतं, हे सगळं खरं होतं. पण त्यांना कळलं होतं, हेही खरं होतं.

त्यांनी सातही पत्र्यांचे ठसे कागदावर घेतले. प्रत्येकाखाली कोणत्या बनावटीचं घड्याळ, कधी केलं, आणि कुठं बघितलं की ओळखू येईल, ते लिहिलं. त्यासोबत एक पत्र लिहिलं. त्यात म्हाताऱ्याचीही गोष्ट लिहिली आणि पिवळट डायलचीही. डॉक्टरांचं नाव कुठं घातलं नाही. पुडकं बांधून मंडळाच्या संपादकाच्या पत्त्यावर टाकायच्या आधी त्यांनी ते पत्र धाकट्याला वाचायला दिलं.

धाकट्यानं ते दोनदा वाचलं. "तू हे पाठवलंस तर जुन्या घड्याळांचं काम संपलं आपलं."

"बहुतेक."

"मला न विचारता पाठवलं असतंस तर मी भांडलो असतो. आता विचारलंस तर भांडताही येत नाही."

तो दोन दिवस कामापुरतंच बोलला. तिसऱ्या दिवशी सकाळी येता येता त्यानंच पुडकं पोस्टात टाकलं आणि पावती ताईंच्या टेबलावर ठेवली.

व्हायचं ते झालंच. मंडळानं ते पत्र सगळ्या सभासदांना धाडलं. डॉक्टरांचं धरून सातापैकी तीन घड्याळांचा पत्ता ताईंना लागला. एक जण, मोठा कारखानदार, स्वतः दुकानात आला आणि भर दुपारी ताईंना वाट्टेल ते बोलला. ताई उभ्या राहून ऐकत राहिल्या. तो गेल्यावर चाव्यावाल्यानं येऊन विचारलं, "कोण होता हो हा?" ताई म्हणाल्या, "गिऱ्हाईक." दोघा संग्राहकांनी काम चालू असलेली घड्याळं तशीच उघडी परत नेली. ताईंच्या टेबलावर धूळ बसायला लागली, आणि धाकटा दिवसभर भिंतीवरच्या घड्याळांच्या बॅटऱ्या बदलत राहिला. "बरंय," तो एकदा म्हणाला, "बॅटरीनं आजवर कुणाला फसवलेलं नाही." ताई त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी हसल्या.

*

दोन महिन्यांनी डॉक्टरांचा फोन आला.

"तुमचं पत्र मंडळाकडून आलं," ते म्हणाले.  "मी फसलो हे लोकांना कळलं असतं तर मला लाज वाटली असती. तुम्ही स्वतःच सगळं लिहिलंत आणि माझं नाव मात्र लिहिलं नाहीत."

"ते सांगायचं की नाही ते तुमचं होतं."

"हं." मग ते म्हणाले, "बाकीची बावीस बघाल का? मला काय ते एकदाच कळू दे. तुम्हाला सवड असेल तर."

"सवडीला तोटा नाही," ताई म्हणाल्या.

डॉक्टरांचा जुना दवाखाना घराच्या पुढच्या खोलीत होता. खुर्ची काढून टाकली होती, पण फरशीवर तिचे चार बोल्ट अजून होते. भिंतीला लागून हत्यारांचं पांढरं कपाट, उथळ उथळ खणांचं. पूर्वी चिमटे आणि आरसे ठेवायचे त्या खणांत आता घड्याळं होती, प्रत्येकाला कापडाची गादी. डॉक्टर एकेक काढून देत आणि त्याची हकीकत सांगत. हे एका जहाजावरच्या खलाशाच्या विधवेकडून. हे चार पत्रं लिहून मिळालं. हे मिळालं त्या दिवशी मुलीचा निकाल होता आणि मी निकाल विचारायला विसरलो, अजून बोलून दाखवते. ताई ऐकत होत्या आणि बघत होत्या. डायलच्या कडा, आकड्यांची जाडी, शाईचा उंचवटा. सकाळचं ऊन खिडकीतून सरकत टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेलं.

अकरावं घड्याळ त्यांनी भिंग न लावताच ओळखलं. "हे सातांतलं पाचवं," त्या म्हणाल्या. "माझं. सापडलेली तीन होती ना, आता चार झाली."

डॉक्टरांनी ते बाजूला ठेवलं.

सतराव्यापाशी ताई थबकल्या. भिंग लावून त्यांनी नीट पाहिलं आणि नाक मुरडलं. "हीसुद्धा पुन्हा केलेली आहे. पण ही माझी नाही." त्यांच्या आवाजात इतका तिटकारा होता, की चहा घेऊन आलेल्या डॉक्टरांच्या बायकोला हसू फुटलं. ट्रे टेबलावर ठेवून त्या हसत राहिल्या. "बघा, सवतींमधे पण सवती." डॉक्टर आधी चिडल्यासारखे दिसले, मग त्यांच्याही तोंडाचा कोपरा हलला.

चहा पिताना डॉक्टरांनी ते नाडीचं घड्याळ काढलं. ते कपाटात नव्हतं, पुस्तकांच्या फळीवर नुसतंच ठेवलेलं होतं, बंद पडलेलं.

"याला दोन महिने चावी दिली नाही," ते म्हणाले. "विकूनही टाकता येत नाही. खरं सांगून विकलं तर कुणी घेत नाही, न सांगता विकायचं म्हटलं तर मी तुमच्या पत्रातला तो व्यापारीच झालो. त्या दिवशी मी तुम्हाला जे बोललो, ते माझ्या मनातून जात नाही."

"ते बरोबर होतं."

"बरोबर होतं म्हणूनच जात नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "त्या त्रिकोणाचं तुम्ही पत्रात लिहिलंय. तो आता करता येईल?"

"येईल. धाकट्याला उघडून द्यावं लागेल."

पुढच्या आठवड्यात धाकट्यानं ते घड्याळ उघडलं, काटे उचलले आणि डायल सुटी करून चिमट्यानं ताईंच्या हातावर ठेवली. डॉक्टर शेजारी उभे होते. ताईंनी डायल उलटी केली आणि सुईनं तिच्या पाठीवर त्रिकोण कोरला. शेजारी दोन वर्षं कोरली: केलं ते, आणि आज सांगितलं ते. हे सगळं चारपाच मिनिटांचं काम. धाकट्यानं मशीनला तेल दिलं, डायल बसवली, आणि घड्याळ टिकटिकायला लागलं. डॉक्टरांनी पिशवी आणलीच नव्हती. ते घड्याळ हातात बांधून गेले.

त्यानंतर ते घड्याळ त्यांच्या हातावरच राहिलं. त्यांची बायको चष्म्याच्या कामासाठी आली तेव्हा सांगून गेली, की भाजी आणायला जाताना घालतात, नळ दुरुस्त करताना घालतात, आणि मला दम लागला की माझं मनगट धरून नाडी मोजत बसतात. "मोजता येते का?" ताईंनी विचारलं. त्या म्हणाल्या, "येते की. तुमची ती रेघ सोडून सगळं बरोबर आहे म्हणतात." पुस्तक निघालं. त्यात नाडीच्या घड्याळाची दोन पानं नव्हती. त्या जागी ताईंच्या सात ठशांचं एक पान होतं, डायल तपासताना काय बघावं ते सांगणारं. सातापैकी तीन घड्याळं अजून सापडलेली नाहीत. ती कुणाच्यातरी खणात, मऊ गादीवर, मूळची म्हणून पडलेली आहेत, आणि कधीकधी काम करता करता ताईंना त्यांची आठवण होऊन हात थांबतो.

काम हळूहळू परत यायला लागलं. संग्राहक आता डायल करून घ्यायला कमी आणि तपासून घ्यायला जास्त येतात. धाकटा म्हणतो, आपण कारागीर होतो, आता पोलीस झालो.

आणि आठवड्यातून दोन दुपारी डॉक्टर येतात. घड्याळाची काच ओरखडली म्हणून पहिल्यांदा आले, ती घासून होईपर्यंत ताईंच्या मागं उभे राहून कोरीव काम बघत राहिले, आणि जाताना चोरट्यासारखं विचारलं, की हे या वयात शिकता येतं का. ताईंनी त्या दिवशीचा त्यांचा न हलणारा हात आठवून पाहिला. त्या म्हणाल्या, "आजवर कुणी विचारलंच नाही. बघू." धाकट्यानं दोन टेबलांच्या मध्ये तिसरं छोटं टेबल बसवलं. त्यामुळे दुकानात आता आडवं होऊनच आत यावं लागतं.

बहात्तर वर्षांचे डॉक्टर दात तपासायची जुनी भिंगं डोळ्यावर लावून तांब्याच्या तुकड्यावर वाकतात. त्यांना वाटतं आपल्याला बरंच जमायला लागलंय. ताईंना तसं वाटत नाही.

"आज कोणता आकडा?" काल त्यांनी बसता बसता विचारलं.

"तीन."

"मागच्या वेळीही तीनच होता."

"मागच्या वेळी तो आठ झाला होता," ताई म्हणाल्या आणि त्यांचा दिवा जरा जवळ ओढून दिला. "आधी वरची गोलाई. घाई करू नका."

डॉक्टरांनी हत्यार उचललं आणि श्वास रोखला. धाकट्यानं चहाचं विचारायला तोंड उघडलं होतं, ते त्यानं परत मिटलं.